हाडं आणि सांगाडा: रुग्ण आणि नातेवाईक नेहमी विचारतात ते प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या फिजिओथेरपी केंद्रात माणसं व्यायाम शिकायला येतात आणि जाता जाता हाडांबद्दल एक तरी प्रश्न विचारतात. कुणाच्या आईचा खुबा मोडलेला असतो, कुणाच्या मुलाचं मनगट प्लास्टरमध्ये असतं, कुणाला एमआरआयचा रिपोर्ट वाचून रात्रभर झोप लागलेली नसते. त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहिते आहे. हाड म्हणजे अंगातला निर्जीव, घट्ट भाग असं बहुतेकांनी धरलेलं असतं आणि बरीचशी भीती तिथूनच येते. हाड जिवंत असतं. त्याला रक्तपुरवठा असतो, नसा असतात. ते दुखतं, भरून येतं, वापरलं तर बळकट होतं आणि पडून राहिलं तर झिजतं.

हाड जिवंत असतं म्हणजे नेमकं काय?

रविवारी मटण आणाल तेव्हा धुताना नळीचा तुकडा जरा उजेडात धरून पाहा. बाहेरच्या कडेला पांढरं, गुळगुळीत, दाट हाड दिसेल. मधल्या पोकळीत पिवळसर, तुपकट मगज असतो. सांध्याजवळचा तुकडा मिळाला तर कापलेल्या बाजूला बारीक भोकांची जाळी दिसते आणि त्या भोकांत लालसर रंग अडकलेला असतो. टोकावर निळसर पांढरा, चकचकीत, नखाने दाबला तर किंचित दबणारा थर असतो, ती कूर्चा. आणि मांस सोडवताना हाडाला चिकटून राहिलेला चिवट पापुद्रा हाताला लागतो, ते हाडावरचं आवरण. आपल्या मांडीच्या हाडाची रचना अशीच आहे.

या प्रत्येक भागाला काम आहे. बाहेरचं दाट हाड वाकण्याला आणि पिळण्याला विरोध करतं. टोकाकडची जाळी भार पसरवते आणि वजन कमी ठेवते. त्या पापुद्र्यात भरपूर नसा असतात, म्हणून नडगीला खाटेचा कोपरा लागला की जीव कळवळतो. मोडलेलं हाड जुळवायला लागणाऱ्या पेशीही तिथूनच पुढे येतात.

हाडाच्या आत मुख्यतः तीन प्रकारच्या पेशी काम करतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड विरघळवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं बांधतात आणि ऑस्टिओसाइट घट्ट हाडात रुतून बसलेल्या असतात. या तिसऱ्या पेशी अतिसूक्ष्म वाहिन्यांतून एकमेकींशी जोडलेल्या असतात. हाडावर कुठे किती ताण येतो हे त्यांना कळतं आणि कुठे बांधायचं, कुठे काढायचं याचे संकेत त्याच देतात. मला स्वतःला शरीरशास्त्रातला हा सर्वांत सुंदर भाग वाटतो.

हाड इतकं कठीण असूनही चटकन मोडत का नाही?

कारण ते नुसतं कठीण नाही, चिवटही आहे. घोडबंदर रोडला टॉवर उभे राहतात तेव्हा आधी लोखंडी सळ्या बांधतात आणि मग त्यांच्याभोवती काँक्रीट ओततात. हाडातही अशाच दोन गोष्टी एकत्र असतात. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू ताण सोसतात आणि त्यांच्यावर बसलेले कॅल्शियम व फॉस्फेटचे स्फटिक दाब सोसतात. वजनाने पाहिलं तर हाडाचा साधारण दोनतृतीयांश भाग हा खनिजांचा असतो.

मुलांना हे घरी दाखवता येतं. कोंबडीच्या तंगडीचं हाड स्वच्छ करून बरणीत बुडेल इतक्या व्हिनेगरमध्ये ठेवा आणि मधूनमधून व्हिनेगर बदला. काही दिवसांत आम्लामुळे कॅल्शियम निघून जातं, कोलॅजन उरतं आणि ते हाड हाताने वाकवता येतं. याच्या उलट, हाड विस्तवात भाजलं तर कोलॅजन जळून जातं. मग आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबलं की भुगा होतो. सहावीच्या विज्ञानात अस्थिसंस्था येते तेव्हा हा प्रयोग एकदा जरूर करून घ्यावा.

शरीरात हाडं किती असतात?

प्रौढ माणसात २०६. त्यातली ८० मधल्या अक्षीय सांगाड्यात येतात: कवटी आणि चेहऱ्याची २२, दोन्ही कानांतली मिळून ६, गळ्यातलं १, कण्याची २६, बरगड्या २४ आणि छातीचं मधलं १. उरलेली १२६ हातापायांची, खांद्यांची आणि खुब्यांची. एका हातात मनगटासकट २७ आणि एका पावलात २६ हाडं असतात. म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पावलं मिळून १०६, निम्म्याहून जास्त. सुईत दोरा ओवणं किंवा खडबडीत रस्त्यावर तोल सांभाळणं जमतं ते त्यामुळे. काही जणांना एखादं जास्तीचं लहान हाड असतं. एक्स-रेत ते दिसलं म्हणून घाबरून जाऊ नये.

सर्वांत लांब हाड मांडीचं. सर्वांत लहान कानातलं रिकीब, जेमतेम ३ मिलिमीटरचं. गळ्यातलं इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं हाड दुसऱ्या कुठल्याही हाडाला थेट जोडलेलं नसतं. ते स्नायू आणि बंधांनी तोलून धरलेलं असतं आणि गिळताना, बोलताना जिभेला आधार देतं.

बाळाच्या अंगात जास्त हाडं असतात म्हणे. मग ती जातात कुठे?

ती एकमेकांना जुळतात. जन्माच्या वेळी २७० ते ३०० च्या आसपास वेगवेगळे भाग असतात आणि त्यांचा बराचसा भाग अजून कूर्चेचा असतो. बाळाची टाळू मऊ लागते, कारण कवटीची हाडं अजून एकमेकांना मिळालेली नसतात. त्यामुळे जन्माच्या वाटेतून डोकं बाहेर येऊ शकतं आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. पुढची मोठी टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरते. कण्याच्या तळाशी पाच मणके जुळून एक त्रिकोणी हाड होतं आणि त्याखालचे इवलेसे चार मणके मिळून माकडहाड. गुडघ्याची वाटी जन्मतः कूर्चेचीच असते, तिचं हाड व्हायला पुढे काही वर्षं लागतात. कॉलरबोनचं हाड गर्भात सगळ्यात आधी घडू लागतं आणि पूर्ण व्हायला मात्र विशी ओलांडावी लागते.

सांगाड्याचं काम शरीराला उभं धरणं एवढंच आहे का?

तेवढंच असतं तर हाडांना इतका रक्तपुरवठा लागला नसता. आधार, हालचाल, कवटीने मेंदूचं आणि बरगड्यांनी हृदय-फुप्फुसांचं रक्षण, ही कामं सगळ्यांना ठाऊक असतात. बाकीची कामं फारशी कुणी सांगत नाही.

लाल मगजात रक्त तयार होतं. मोठ्या माणसात तो मुख्यतः खुब्याच्या चपट्या हाडांत, छातीच्या हाडात, बरगड्यांत, मणक्यांत आणि मांडीच्या व दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला असतो. तिथे रोज सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी बनतात. मगजाची तपासणी करताना सुई खुब्याच्या मागच्या बाजूला टोचतात ती म्हणूनच.

दुसरं काम साठवणीचं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, प्रौढ माणसात साधारण एक किलो. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत असतो. हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन, रक्त गोठणं हे सगळं त्यावर चालतं. रक्तातली पातळी जराशी घसरली की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडातून कॅल्शियम काढून घेतलं जातं. याशिवाय हाडाच्या पेशी स्वतः एक संप्रेरक बनवतात, ते मूत्रपिंडाला फॉस्फेट किती बाहेर टाकायचं ते सांगतं.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं, म्हणजे हाडं चांगली आहेत ना?

तसं नाही. वर सांगितल्याप्रमाणे शरीर रक्तातली पातळी काहीही करून सांभाळतं आणि त्यासाठी लागलं तर हाडातून काढतं. हाडं ठिसूळ झालेल्या अनेक बायकांचा कॅल्शियमचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येतो. हाडाची घनता पाहायची तर डेक्सा तपासणीच करावी लागते. रक्ताचा एक रिपोर्ट बघून निर्धास्त झालेली कुटुंबं मी पुन्हा पुन्हा पाहते, म्हणून हे वेगळं लिहिलं.

हाडं नवी होत राहतात हे खरं आहे का?

हो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी काढून नव्याने बांधला जातो. एका जागेचं काम व्हायला काही महिने लागतात. जुनं काढायला थोडे आठवडे पुरतात, नवं भरून घट्ट व्हायला मात्र बराच वेळ जातो. काढणं आणि भरणं यांतला तोल बिघडला की हाड विरळ होतं.

हाड भाराला उत्तर देतं, हे जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. टेनिस खेळाडूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताची हाडं दुसऱ्या हातापेक्षा जाड असतात. अंतराळात वजन जाणवत नाही, तिथे अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्याने घटते. त्यासाठी अंतराळात जायची गरज नाही, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचंही हेच होतं. म्हणून ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी आम्ही पेशंटला धरून उभं करतो तेव्हा नातेवाइकांनी कृपया रागावू नये. त्या दोन मिनिटांच्या उभं राहण्याने हाडाला आणि फुप्फुसांना जे मिळतं ते गोळीतून देता येत नाही.

चालणं चांगलंच, पण हाडासाठी थोडा जोराचा भारही लागतो: जिने चढणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, हलकी वजनं उचलणं, ज्यांना झेपेल त्यांनी दोरीच्या उड्या. पोहणं हृदयाला आणि स्नायूंना उत्तम, पण पाणी वजन उचलून धरतं, त्यामुळे हाडाला त्याचा फायदा कमी.

बोटं मोडली की सांधे खराब होतात का?

नाही. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड उंगर यांनी सुमारे ६० वर्षं फक्त एकाच हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हातांत काही फरक आढळला नाही. त्यांना २००९ मध्ये इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाला दिलं जाणारं बक्षीस, मिळालं. आवाजासोबत दुखत असेल, सूज येत असेल किंवा सांधा अडकत असेल, तर मात्र दाखवून घ्या.

मांडी घालून बसल्याने गुडघे झिजतात का?

निरोगी गुडघ्याला जेवताना, पूजेला मांडी घालून बसल्याने काही होत नाही. सांध्याच्या टोकावरच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलतो तेव्हा दाबल्या-सुटण्यातून द्रव आत-बाहेर होतो आणि त्यातून तिला पोषण मिळतं. म्हणून सांधा हलता ठेवणं महत्त्वाचं. रोज तासन्‌तास उकिडवं बसून काम करणाऱ्यांना मात्र गुडघ्याच्या झिजेचा धोका वाढतो. आधीच दुखणारा गुडघा असेल तर उंच पाटावर किंवा खुर्चीवर बसा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम सोडू नका. जिना चढताना गुडघ्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीएवढा भार येतो. दहा किलो वजन कमी केलं तर गुडघ्यावरचा किती भार उतरेल याचा हिशेब त्यावरून करा.

रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ आणि ‘मणक्यात गॅप’ लिहिलंय. ऑपरेशन लागेल का?

बहुतेकांना लागत नाही. आधी कण्याची रचना समजून घ्या. मानेचे ७, पाठीचे १२, कमरेचे ५ मणके आणि खाली त्रिकोणी हाड व माकडहाड. (मानेचे सातच मणके जिराफालाही असतात, फक्त प्रत्येक खूप लांब.) मणक्यांच्या मध्ये २३ चकत्या, म्हणजेच डिस्क, असतात, बाहेरून चिवट कडं आणि आत पाणीदार गाभा. दिवसभर उभं राहून त्यातलं पाणी थोडं दाबलं जातं, म्हणून संध्याकाळी आपली उंची सकाळपेक्षा सेंटिमीटरभराने कमी भरते. रात्री आडवं झालं की चकत्या पुन्हा पाणी शोषतात.

वयानुसार चकत्या सुकतात (‘गॅप’ म्हणतात तो बहुतेक हाच), थोड्या फुगतात (हा ‘बल्ज’). पाठ अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय तपासून पाहिलेत. त्यांतल्या विशीतल्या जवळपास तिघांत एकाला आणि ऐंशीतल्या दहापैकी आठांहून अधिक जणांना फुगलेली चकती आढळली. म्हणून रिपोर्टवर उपचार होत नाही, माणसावर होतो. चकतीचा गाभा बाहेर येऊन नस दाबली जात असेल तरी बहुतेकांचा त्रास सहा ते बारा आठवड्यांत औषध आणि व्यायामाने कमी होतो. पूर्ण विश्रांती दोन दिवसांपेक्षा जास्त घेऊ नका.

ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकलमध्ये उभं राहून जाणारे आणि मग आठ-नऊ तास खुर्चीत बसणारे पेशंट आमच्याकडे खूप. त्यांना मी खुर्ची बदलायच्या आधी उठायला सांगते. दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उठून चाला. पाठीला लावायचा पट्टा महिनोन्‌महिने वापरू नका, पाठीचे स्नायू आळसावतात.

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी इस्पितळात जा. तिथे उशीर परवडत नाही.

मुलाला गोविंदा पथकात जायचंय. हाडांच्या दृष्टीने काय धोका आहे?

दहीहंडी ही ठाण्याची शान आहे आणि मुलांचा उत्साह मला समजतो. २०१२ मध्ये जय जवान पथकाने ९ थर लावून ४३.७९ फुटांचा गिनेस विक्रम केला तो ठाण्यातच. तरीही खरं ते सांगायला हवं. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांत चढवायला मनाई आहे आणि ती योग्यच आहे. वाढत्या मुलांच्या लांब हाडांच्या टोकांना कूर्चेची वाढपट्टी असते, उंची तिथूनच वाढते. ही पट्टी भोवतालच्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते. मोठ्या माणसाचा पाय जिथे नुसता मुरगळेल, तिथे मुलाची वाढपट्टी सरकू शकते आणि दुर्लक्ष झालं तर तो हात किंवा पाय आखूड किंवा वाकडा वाढू शकतो.

खालच्या थरातल्या गोविंदांच्या खांद्यावरचा भार कॉलरबोन, फरा (खांद्यामागचं चपटं हाड) आणि मानेच्या मणक्यांवरून खाली उतरतो. कणा सरळ असेल तर मणके बराच भार सोसतात, मान वाकलेली किंवा फिरलेली असताना वरून कुणी कोसळलं तर मानेच्या मणक्यांना आणि मज्जारज्जूला इजा होते. सराव आणि खालच्या थराची ताकद महिनाभर आधीपासून वाढवा, सेफ्टी बेल्ट, हेल्मेट आणि गाद्यांशिवाय वर चढू नका. कुणी मानेवर किंवा पाठीवर पडला तर त्याला खांदे-पाय धरून उचलू नका, मान स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहा.

लटकल्याने किंवा पावडरने उंची वाढते का?

वाढपट्ट्या बंद झाल्यावर काहीही करून वाढत नाही. त्या मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ व्या वर्षापर्यंत बंद होतात. डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून डॉक्टर ते ओळखतात. त्याआधी पुरेसं जेवण, झोप आणि मैदानी खेळ एवढंच खरं. जाहिरातीतल्या पावडरींवर पैसे घालवू नका.

उंची थांबली तरी हाडात खनिज भरणं तिशीच्या आसपासपर्यंत चालू असतं. नववी-दहावीला क्लाससाठी मुलांचा, आणि विशेषतः मुलींचा, खेळ बंद करतात ना, त्याची मला खरंच काळजी वाटते. हाड भरायची तीच वर्षं आहेत.

कॅल्शियमसाठी काय खावं?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम लागतं. कपभर म्हणजे २०० मिलिलिटर दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे नाचणीच्या दोन भाकऱ्यांतून चांगला हातभार लागतो. तीळ फार समृद्ध आहेत, पण आपण ते चमचाभरच खातो. शेवग्याचा पाला, राजगिरा, दही, ताक हे सगळं चालेल. मासे खाणाऱ्यांना तर सोपं आहे: जांभळी नाक्याला मिळणारा सुका जवळा किंवा काट्यासकट खाता येतील अशा कुरकुरीत तळलेल्या मांदेल्या. काटा टाकून दिला तर कॅल्शियमही गेलं. पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातल्याच ऑक्झलेट नावाच्या घटकामुळे त्यातलं फारच थोडं अंगी लागतं.

हाडाचा मोठा भाग प्रथिनांचा आहे हे विसरू नका. घरातली आजी संध्याकाळी चहा-खारीवर भागवत असेल, तर तिच्या हाडांना कॅल्शियमच्या गोळीइतकीच वाटीभर घट्ट वरणाची किंवा अंड्याची गरज आहे. गोळी चालू असेल तर कार्बोनेट प्रकारची जेवणासोबत घ्या आणि लोहाची गोळी वेगळ्या वेळी.

मी रोज सकाळी सहाला तलावपाळीला चालते. तरी माझं ‘डी’ कमी कसं?

कारण त्या वेळच्या कोवळ्या उन्हात त्वचेला ‘ड’ जीवनसत्त्व बनवायला लागणारे यूव्ही-बी किरण जवळपास नसतात. ते साधारण दहा ते तीनच्या उन्हात असतात. काचेतून ते आत येत नाहीत, त्यामुळे ऑफिसच्या खिडकीजवळ बसून उपयोग नाही. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश झाकलेलं. सकाळचं चालणं सोडू नका, व्यायाम म्हणून ते मोलाचं आहे. त्याशिवाय आठवड्यातून काही दिवस दुपारच्या आसपास हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात जा, त्वचा लाल होईपर्यंत थांबू नका.

६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक अशी ठरावीक काळापुरती देतात. ती स्वतःच्या मनाने वर्षभर घेत राहणारे लोक मी पाहिलेत. ‘ड’ जीवनसत्त्व चरबीत साठतं. जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला त्रास होतो.

आईचा डेक्सा रिपोर्ट उणे २.८ आलाय. आता काय?

रिपोर्टमधला टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या हाडांशी केलेली तुलना. तो उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ. पाळी जाते तेव्हा इस्ट्रोजेन कमी होतं. हे संप्रेरक हाड काढणाऱ्या पेशींना आवर घालतं, तो आवर सुटला की पहिली काही वर्षं हाड वेगाने विरळ होतं. पुरुषांनाही हा आजार होतो, जरा उशिरा. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे आणि धूम्रपान करणारे यांना धोका जास्त.

याचं वाईट हे की हाड मोडेपर्यंत काही दुखत नाही. सांधे दुखतात ती बहुतेक वेळा कूर्चेची झीज किंवा संधिवात असतो, तो वेगळा आजार. ठिसूळपणा कळतो तो उंची कमी झाल्यावर, पाठीला बाक आल्यावर किंवा साध्या पडण्याने मनगट वा खुबा मोडल्यावर.

औषधं आहेत आणि ती परिणामकारक आहेत. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी असेल तर सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. हे केमिस्टकडे कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. गोळी चालू करण्याआधी दातांचं मोठं काम राहिलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

आणि घर तपासा. आमच्याकडे येणाऱ्या खुबा मोडलेल्या बहुतेक आज्या घरातच पडलेल्या असतात, त्याही न्हाणीघरात किंवा रात्री अंधारात उठताना. संडासात आणि न्हाणीघरात भिंतीला पकडायची दांडी बसवा, ओली फरशी पुसा, सुटे पायपोस काढून टाका, रात्री बारीक दिवा ठेवा, मोतीबिंदू लांबवू नका, झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

आजींचं वय ८४ आहे. खुब्याचं ऑपरेशन नकोच, असं घरचे म्हणतात.

हा निर्णय घेताना कुटुंबाची जी ओढाताण होते ती मला माहीत आहे. पण ऑपरेशन न केल्यास आजी महिनोन्‌महिने पडून राहतात. त्यातून शय्याव्रण, न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, असं एकामागून एक सुरू होतं. वयापेक्षा हृदय, फुप्फुसं आणि रक्त यांची स्थिती पाहून भूलतज्ज्ञ ठरवतात. शक्य असेल तर पहिल्या ४८ तासांत ऑपरेशन झालेलं बरं. बहुतेक आज्या दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहतात. वय हे एकटं कारण पुढे करून नकार देऊ नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

हेअरलाइन क्रॅकच आहे. प्लास्टर कशाला?

तेही मोडणंच आहे, फक्त तुकडे जागेवर आहेत. ते जागेवरच राहावेत म्हणून प्लास्टर. मनगटाजवळच्या स्कॅफॉइड या लहानशा हाडाला रक्तपुरवठा एकाच बाजूने होतो, तिथली बारीक भेग दुर्लक्षिली तर हाडाचा अर्धा भाग मरू शकतो. पहिल्या एक्स-रेत ती भेग कधी कधी दिसतही नाही. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत राहिलं तर दहा-बारा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा.

हाड जुळायला किती वेळ लागतो?

आधी मोडलेल्या जागी रक्त गोठतं, दोन-तीन आठवड्यांत मऊ जोड तयार होतो, सहा ते बारा आठवड्यांत तो कठीण होतो. मग मूळ आकार येईपर्यंत घडणं-काढणं महिनोन्‌महिने चालतं. मनगट लवकर जुळतं, नडगी वेळ घेते. लहान मुलांची हाडं लवचीक असतात, कधी कधी एकाच बाजूने चिरतात आणि भराभर जुळतात. सिगारेट-बिडीने जुळणं खरोखर लांबतं, निदान तेवढे महिने सोडा.

पाया सूप जरूर प्या, पण त्यात कॅल्शियम फारसं नसतं. प्लास्टरमधली बोटं हलवत राहा. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, ताणल्यावर असह्य दुखायला लागली तर रात्र असली तरी प्लास्टर सोडवून घ्यायला जा.

हाडवैद्याकडे बसवून घेतलं तर चालेल का?

आधी एक्स-रे. मोडलेल्या जागी मालिश करू नका आणि घट्ट कामट्या बांधू देऊ नका. रक्तपुरवठा तुटून हात गमवावा लागलेली तरुण मुलं मी पाहिली आहेत.

कॉलेजात शिकायला ठेवतात तो सांगाडा खरा असतो का?

पूर्वी खरा असायचा. भारतातून मानवी सांगाडे परदेशी जायचे, ती निर्यात १९८५ मध्ये बंद झाली. आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकचे वापरतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांना मात्र देहदानातून आलेल्या शरीरांवरच खरं शिकता येतं. राज्यात १९४९ च्या कायद्यानुसार ते करता येतं. इच्छा असेल तर कळव्याच्या महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या शरीररचनाशास्त्र विभागात चौकशी करा आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, कारण शेवटी संमती त्यांना द्यायची असते.

घरी न थांबता थेट इस्पितळ कधी गाठायचं?

हाड कातडीबाहेर आलं असेल किंवा जखमेतून मोडलेली जागा दिसत असेल, हात-पाय वाकडा दिसत असेल, पडल्यावर पायावर उभं राहता येत नसेल, मोडलेल्या भागापुढे गार किंवा बधिर लागत असेल, ताप येऊन एकच सांधा लाल-गरम झाला असेल. वयस्कर माणूस पडल्यावर एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुबा मोडलेला असण्याची शक्यता मोठी, त्याला चालवू नका. रात्री न थांबणारं, झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं लहान मुलाला असेल तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. रुग्णवाहिकेसाठी १०८. येईपर्यंत मोडलेला भाग आहे त्याच स्थितीत उशी किंवा पुठ्ठ्याचा आधार देऊन ठेवा, आणि ऑपरेशन लागू शकतं म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका.